वंगणाचं नळकांडं

माझ्या मागच्या पडवीत लहान मुलांच्या सात जुन्या गाड्या उभ्या आहेत. हातात धरून खेळायच्या नव्हेत, आत बसून चालवायच्या. सहा गाड्या पायडल मारायच्या, पत्र्याच्या; कुणाचा रंग उडालेला, कुणाचं एक चाक परक्या गाडीचं. सातवी मात्र खरी शर्यतीची. अमेरिकेत आठ-दहा वर्षांच्या मुलांच्या शर्यती लावतात, त्यातली, मागे बारकं इंजिन असलेली. माझ्या सुना म्हणतात, म्हातारपण म्हणजे दुसरं बालपण. म्हणू देत. पहिलं माझं पुरतं झालंच नव्हतं.

गाड्या बघायला अधूनमधून कुणी ना कुणी येतं. मागे पुण्याचे एक गृहस्थ आले होते, जुन्या मोटारींतले मोठे जाणकार. सातव्या गाडीपाशी ते उकिडवे बसले, खिशातून भिंग काढून रंग बघितला, मान डोलावली. मग बाजूच्या धुराच्या नळीखाली सुतळीनं बांधलेलं बांबूचं काळं नळकांडं त्यांना दिसलं आणि कडू काढा प्यायल्यासारखा चेहरा झाला.

"बाई, हे काय लावलंत? यानं गाडीची किंमत पडते."

मी म्हटलं, "पडू दे. पडली तर उचलून ठेवीन."

ते बिचारे चहा न घेताच गेले. मी स्वभावानं तिखट आहे, हे मला कुणी सांगायला नको. पण त्या नळकांड्याबद्दल कुणी काही बोललेलं मला खपत नाही. का, ते सांगायचं तर पनवेलला जावं लागेल, आणि तेही आत्ताच्या नव्हे.

तेव्हा महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं आणि मी पाचवीत होते. आमचं घर चाकांचं. बाबा बैलगाडीची चाकं करायचे. त्यांचे वडील आणि त्यांचेही वडील तेच करत आले होते. पनवेलचं चाक म्हटलं की पेण-कर्जतकडचे गाडीवाले डोळे मिटून घेत. घरात कुठेही नजर टाकावी तर चाकं. भिंतीला टेकलेली, आढ्याला टांगलेली, अर्धी झालेली, नुसतेच आरे बसवलेली. पावसाळ्यात अंगणातलं काम बंद असलं की मी एका मोठ्या चाकाच्या आऱ्यांमध्ये पाय मुडपून झोपत असे. जागी होताना आधी लाकडाचा वास यायचा आणि मग आईचा आवाज. अजूनही पहाटे कधीकधी तो क्रम तसाच लागतो आणि क्षणभर मला कळत नाही, आपण किती वर्षांच्या आहोत.

चाकाला शेवटी लोखंडी पट्टी चढवतात, तिला धाव म्हणतात. त्या दिवशी अंगणात गोवऱ्यांचं रिंगण पेटवायचं, धाव लाल होईपर्यंत तापवायची, चौघांनी सांडशीनं उचलून लाकडावर बसवायची आणि घणाचे घाव घालताघालताच वरून पाणी ओतायचं. लोखंड आकसायचं, लाकूड कण्हायचं, आणि सगळं अंगण वाफेत नाहीसं व्हायचं. बाबा नाहीसे, घण नाहीसा, समोरची चिंच नाहीशी. मग वाफ हळूहळू विरायची आणि मध्यभागी नवं चाक दिसायचं. मला वाटे, जगातल्या सगळ्या गोल वस्तू अशाच होत असणार. पौर्णिमेच्या चंद्राला धाव कोण चढवतं, असं मी एकदा बाबांना विचारलं होतं. त्यांनी चंद्राकडे नीट बघितलं आणि म्हणाले, "धाव नाही त्याला. म्हणून तर झिजतो."

आमच्या भिंतीला लागून एक बेने इस्रायली ज्यू कुटुंब राहत होतं. बोलणं आमच्यासारखंच मराठी, काकूंचं नेसणंही आईसारखंच. फरक कळायचा शुक्रवारी संध्याकाळी. दिवा लागला की दुसऱ्या दिवशी आकाशात तीन तारे दिसेपर्यंत त्या घरात चूल पेटत नसे, कामाला कुणी हात लावत नसे. पूर्वी त्यांचे तेलाचे घाणे होते आणि शनिवारी ते बंद असत, म्हणून गावातली जुनी माणसं त्यांना अजूनही शनवार तेली म्हणत. घाणा कधीच गेला होता. काका मुंबईच्या गोदीत कारकून होते आणि दर शुक्रवारी दुपारी घरी येत. त्यांचा मुलगा माझ्या वर्गात होता, माझा एकमेव सोबती. मी उतावळी, तो सावकाश. मी एक आंबा खाऊन दुसऱ्याकडे बघायला लागले की तो पहिल्याचा देठ काढत असायचा.

एका शुक्रवारी काकांनी मुंबईहून कपबश्या आणल्या. त्या कुठल्याशा परदेशी मासिकाच्या पानांत गुंडाळलेल्या होत्या. काकू कपबश्या बघत बसल्या आणि आम्ही पानं. एका पानावर गाडी होती. एवढीशी, लाल, उघडी, आणि तिच्यात आमच्याच वयाचा एक मुलगा, डोक्यावर कढईसारखी टोपी, दोन्ही हात चाकावर आणि ओठ घट्ट मिटलेले. गाडीवर सात आकडा. खालचा मजकूर फाटून गेलेला. त्या मुलाच्या चेहऱ्यावर जे होतं ते आमच्या ओळखीच्या कुठल्याच मुलाच्या चेहऱ्यावर आम्ही पाहिलं नव्हतं. त्याला कुणी हाक मारली असती तर ऐकू गेली नसती.

आम्ही ते पान बाबांकडे नेलं. बाबांनी लाकूड तासायचा वाकस खाली ठेवला, हात पुसले आणि दुरुस्तीला आलेली गाडी बघावी तसं ते चित्र बघितलं.

"कुणा चांगल्या माणसानं केलीय," ते म्हणाले. मग एकेक भाग समजावून दिला. मुलाच्या पाठीमागे फुगवटा होता, तो शिदोरी ठेवायला. बाजूनं एक नळी गेलेली होती, मागे जराशी वाकलेली. "आणि हे वंगणाचं नळकांडं. ते नसलेली गाडी असते का कुठे?"

आमच्याकडच्या प्रत्येक बैलगाडीखाली तसं बांबूचं नळकांडं लटकत असे. एरंडेलात जाळलेल्या पेंढ्याची राख घोटून केलेलं काळं वंगण त्यात भरलेलं असायचं. चाक कोरडं पडलं की गाडीवाला उतरून आसाला लावायचा. तेव्हा बाबांचं म्हणणं आम्हाला पटलंच. तरी माझा सोबती हळूच म्हणाला, "काका, धूर निघायची नळी असेल. मोटारीला असते ना."

बाबा हसले. "मोटारीचा धूर मागून निघतो. पोराच्या कोपराशी धुराची नळी कोण बसवील? आई नाही का त्याला?"

मग गाडी चालते कशी? उतारावरून. त्या देशात डोंगर असतील. आम्हालाही कर्नाळ्याचा सुळका समोर दिसायचा, पण तो काही गाडी चालवायच्या कामाचा नव्हता. गल्लीच्या टोकाला मात्र पूल होता आणि पुलाचा उतार चांगला लांब होता.

बाबांनी गाडी करायला घेतली ती गणपतीनंतर, आणि दिवाळी झाल्यावर ती पुरी झाली. हातातलं काम सोडून नव्हे. दिवसाचं काम उरकल्यावर, उजेड असेतो. तेव्हा चाकांची मागणी कमी व्हायला लागली होती. रबरी टायरच्या गाड्या दिसू लागल्या होत्या आणि बाबा त्यांच्याकडे बघून न बघितल्यासारखं करत. माझ्या गाडीची चारही चाकं त्यांनी मोठ्या चाकासारखीच केली, तसूभरही कमी नाही. तुंबा, म्हणजे चाकाचा मधला गाभा, नारळाएवढा, आरे बोटाएवढे, आणि धावेसाठी पिंपाच्या पट्ट्या. त्या चार धावाही अंगणात विस्तव करूनच बसवल्या. वाफ एवढीशीच झाली, पण आम्ही दोघं तिच्यात तोंड घालून उभे राहिलो. तेलाचे डबे कापून अंग झालं, त्यावर गेरू फासला, वर मराठी सात काढला. आईनं फुगवट्यात भाकरी मावते का ते बघून घेतलं. आणि शेवटी बाबांनी बाजूला, चित्रात होतं तिथंच, बांबूचं नळकांडं बांधलं.

वंगणाचं काम सोबत्यानं मागून घेतलं. "तेल आमचं," तो म्हणाला. "आम्ही तेली आहोत." घाणा त्यानं जन्मात पाहिला नव्हता, पण तो हक्क मी मान्य केला. सुतळी सोडायची, खीळ काढायची, बोटानं आसाला वंगण फिरवायचं, पुन्हा खीळ. हे तो इतक्या हळू करायचा की माझा जीव जायचा.

तेव्हाच ठरलं की ते लोक इस्रायलला जाणार. कागद आले होते. काका गोदीतून आणखी मोठ्या पेट्या आणू लागले आणि काकू कुठल्या वस्तू न्यायच्या ते रोज बदलू लागल्या. त्यानं मला एवढंच सांगितलं, "बोट गुरुवारची." मी म्हटलं, "मग पहिला उतार तुझा." तोवर गाडी आम्ही फक्त गल्लीतल्या सपाटीवर, एकानं ढकलून, एकानं बसून चालवली होती. पुलावरून पहिल्यांदा तो जाणार, मी मागून ढकलणार, असं मी बाबांच्या वाकसावर हात ठेवून कबूल केलं. आमच्या घरात याहून मोठी शपथ नव्हती. वाकसावर हात ठेवून खोटं बोललं तर लाकूड उलटं चिरतं, असं म्हणत.

गुरुवारच्या आधीचा शनिवार. सकाळची शाळा होती, तो अर्थातच आला नव्हता. गावातल्या दोन मुलांकडे बेअरिंगच्या गाड्या होत्या: एक फळी, खाली तीन लोखंडी बेअरिंगं, की झाली गाडी. खडखडाट एवढा की मोठी माणसं शिव्या द्यायची. मधल्या सुट्टीत त्यातला एक म्हणाला, "तुझ्या गाडीला लाकडाची चाकं म्हणे. बैल पुढे जुंपणार की मागे?"

उचलली जीभ लावली टाळ्याला. पण माझ्या डोक्यात सणक गेली. माझ्यापुरतं असतं तर दोन शब्द ऐकवून गप्प बसले असते. चाकं बाबांची होती. मी म्हटलं, "दुपारी पुलावर या. आजच."

"आज" हा शब्द तोंडातून गेला आणि मगच मला आठवलं, आज शनिवार. तो मागे घेता आला असता. मुलं काही वाघ नव्हती. बैलांवरून चिडवणारा मुलगाच म्हणाला होता, की दुपारी घरी काम आहे, दिवेलागणीला पण चालेल, उद्या पण चालेल. मी म्हटलं, नाही, दुपारीच.

घरी जाताना तो त्याच्या ओट्यावर बसलेला दिसला. पांढरा धुतलेला सदरा, विंचरलेले केस, हात मांडीवर. शनिवारी तो असा दिसायचा, फोटो काढायला बसवल्यासारखा. मी त्याला शर्यतीचं सांगितलं.

तो म्हणाला, "तीन तारे दिसले की येतो. वंगण घालून मग जाऊ. तेवढं थांब."

"मुलं थांबायला तयार नाहीत."

हे मी त्याच्या डोळ्यांत बघून म्हटलं. अजून आठवतं, त्याच्या मागे दाराची चौकट होती आणि आत शुक्रवारचा दिवा विझून गेलेला होता.

"तू विचारलंस?"

"विचारलं. ऐकत नाहीत." मग मीच वाद घातला. त्रिपुरीपर्यंत काढायचे नाहीत म्हणून गल्लीत दिवाळीचे आकाशकंदील अजून लटकत होते. मी त्याला म्हटलं, "हे बघ, एक, दोन, तीन. झाले तारे. चल."

तो हसला नाही. "आमच्या आज्याचा घाण्याचा बैलसुद्धा शनिवारी मोकळा असायचा," एवढंच म्हणाला. मग म्हणाला, "तू जा."

मी गेले. घाटातल्या पाट्यांवर अति घाई संकटात नेई हे पुढे लिहिलं गेलं. माझं आधी करून झालं होतं. नळकांडं गाडीलाच लटकलेलं होतं. वंगण मला घालता आलं असतं, पण ते त्याचं काम, असं मी मनाशी म्हटलं. खरं तर घाई होती, आणि त्याचं काम आपण करायला घेतलं तर त्याची आठवण येईल, हीही भीती होती.

पुलावर आम्ही तीन गाड्या ओळीनं लावल्या. दुपार कलली होती, खाडीचा वास वर येत होता, आणि कोन गावाहून भाताच्या पोत्यांची एक बैलगाडी चढण चढून नेमकी येत होती. गाडी आमच्याकडच्याच चाकांवर चालणारी, गाडीवान बाबांच्या ओळखीचा. त्यानं बैल कडेला घेतले. एका पोरानं मला मागून ढकललं आणि आम्ही सुटलो.

बेअरिंगच्या गाड्या पटकन पुढे गेल्या. माझी जड, तिला वेग घ्यायला वेळ लागला. पण घेतल्यावर काय सांगू! रस्ता माझ्याखालून कुणीतरी ओढून घेत होतं. कडेची झाडं ओळखू येईनात, वाऱ्यानं डोळ्यांत पाणी आलं, आणि मला कळलं की त्या चित्रातल्या मुलानं ओठ का मिटले होते. एक फळी मागे पडली. मग दुसरी जवळ आली.

आणि गाडी ओरडली.

कोरडं चाक ज्यांनी ऐकलं नसेल त्यांना कसं सांगावं. लाकडावर लाकूड घासून निघणारा तो आवाज दातांत शिरतो. आधी बारीक, मग वाढत गेला, मग सगळ्या पुलावर तेवढाच राहिला. बैल बुजले. गाडीवान ओरडून म्हणाला, "बाय, तुजी गाडी कोरडी हाय! बोंबलतेय ती, तुला आयकू येत नाय?"

ऐकू येत होतं. ऐकू येत होतं म्हणूनच मी थांबवली नाही. मला वाटलं, आता लवकर खाली पोचलं की थांबेल. खाली पोचायच्या आत पुढचं डावं चाक आसाला धरून बसलं, काहीतरी फुटल्याचा आवाज झाला आणि गाडी रस्ता सोडून चिखलात गेली. गुडघा फुटला त्याची खूण अजून आहे. मुलं आधी हसली आणि मग रक्त बघून पळाली.

बाबा आले ते धावत नव्हे, चालत. आवाज त्यांनी घरात ऐकला होता. म्हणजे शेजारच्या ओट्यावरही ऐकू गेला होता. उन्हं उतरेपर्यंत तिथं हात मांडीवर ठेवून बसलेल्यानं त्याच्या गाडीला त्याच्यावाचून ओरडत जाताना ऐकलं होतं. बाबांनी आधी माझा गुडघा बघितला, मग चाक.

"वंगण?"

मी मान खाली घातली.

"तुंबा चिरला," ते म्हणाले. उलटा चिरलाय का सुलटा, हे विचारायचा धीर मला झाला नाही.

रविवारी मी बाबांच्या मागे लागले. नवं चाक करा, गुरुवारी त्यांची बोट आहे, बुधवारपर्यंत करा. बाबा म्हणाले, वाळलेली बाभूळ संपली आहे, आहे तो ओंडका ओला आहे. मी म्हटलं, ओल्याचं करा, एकदाच तर जायचंय. त्यांनी माझ्याकडे बघितलं. "ओल्या लाकडाचं चाक या घरातून बाहेर गेलेलं नाही. पोर बसणार त्याच्यावर." मी रडले, जेवले नाही, आईनं समजूत घातली, बाबा काही हलले नाहीत. मला तेव्हा त्यांचा भयंकर राग आला होता. आता वाटतं, मी मोडलेली गोष्ट त्यांनी खोटी जोडून द्यायला नकार दिला, एवढंच.

चार दिवस सोबती आणि मी बोललो नाही. भांडण नव्हतं, त्याच्या घरी माणसं येत-जात होती आणि मला त्या ओट्यासमोरून जायचं धैर्य नव्हतं. बुधवारी संध्याकाळी तोच आला. त्यांच्याकडे प्रवासाआधी मलिदा केला होता, पोहे, खोबरं, गूळ, वर केळ्याचे काप. त्याची ताटली त्यानं आईकडे दिली आणि सरळ अंगणात गेला. गाडी तिथं होती, तीन चाकांवर, चौथ्या कोपऱ्याखाली दगड.

त्यानं सुतळी सोडली, नळकांडं घेतलं, आणि एकेक खीळ काढून वंगण घालायला बसला. तसाच सावकाश. तीन चाकं झाली. मग चाक नसलेल्या आसाच्या टोकालाही त्यानं बोटानं वंगण फिरवलं, नीट, सगळीकडून. मग गाडीत बसला आणि हात पुढे धरले.

मी मागे उभी राहिले. ढकलायला काहीच नव्हतं. मी गाडी दोन्ही हातांनी धरून नुसती हलवू लागले आणि म्हटलं, "चाललो."

"कुठवर आलो?" त्यानं डोळे मिटले होते.

"पुलाच्या तोंडाशी. आता उतार लागला. डावीकडे मिठाच्या गोण्या घेतलेल्या गाड्या आहेत, त्यांच्या आतून घे."

त्यानं हात वळवले.

"आता चिंच गेली. आता खाडीचा वास आला. बेअरिंगवाला मागे पडला. आता दुसराही. समोर कर्नाळ्याचा सुळका दिसतोय."

"बैल?"

"कडेला उभे आहेत. बुजले नाहीत." मी सांगत गेले. शाळा आली, ती मागे टाकली. शिरढोणचा फाटा आला, तोही गेला. रस्ता संपेना म्हणून मी समुद्र आणला आणि गाडी त्याच्या काठाकाठानं नेली. अंगणात अंधारून यायला लागलं होतं. वाफ विरताना व्हायचं तसं सगळं कडेकडेनं नाहीसं होत होतं, आणि मला खरोखर वारा लागत होता. त्यालाही लागत असणार, त्यानं ओठ मिटले होते.

बऱ्याच वेळानं तो म्हणाला, "ओरडत नाही गाडी."

"वंगण घातलंयस ना."

मग त्यानं डोळे उघडले, पण मागे वळून बघितलं नाही. "त्या दिवशी मुलं खरंच थांबली नसती?"

आता सांगायचं होतं. त्याहून सोपी वेळ पुन्हा येणार नव्हती. मी म्हटलं, "नसती."

त्यानं मान हलवली आणि उतरला. बाबा दारात उभे होते. कधीपासून, कोण जाणे. त्यांनी नळकांडं उचललं, त्याच्या तोंडाला चिंधीचा बोळा लावला आणि त्याच्या हातात दिलं. "गाडी काय बोटीवर चढू देणार नाहीत. हे ने. वंगण घालणाऱ्याकडे असावं."

गुरुवारी ते गेले. नवं चाक बाबांनी बाभूळ वाळल्यावर केलं, उन्हाळ्यात. मी त्या गाडीत पुन्हा बसले नाही. पुढे ती कुणाला दिली, की जळणात गेली, मला माहीत नाही, आणि हे मला अजून झोपेत आठवतं. लग्न झालं, बदल्या झाल्या, बाबा गेले, त्यांच्या आधी चाकं गेली. मुलं मोठी झाल्यावर मी एका जुन्या बाजारात मोडकी पायडलची गाडी घेतली आणि कारण विचारणाऱ्या नवऱ्यावर खेकसले. मग दुसरी घेतली.

सातवी मिळाली ती मुंबईत, एक जुना बंगला रिकामा होत असताना. कुणा परदेशी साहेबाच्या मुलाची मागे राहिलेली. दलालानं ताडपत्री काढली आणि मी खालीच बसले. लाल, उघडी, तोच फुगवटा, तीच बाजूची नळी. फुगवट्यात इंजिन होतं. नळीत मी बोट घातलं आणि बाहेर काढलं तर ते काळंभोर. वंगणानं व्हायचं तसंच. एवढ्याशा क्षणात मला वाटलं, बाबांचंच खरं होतं. मग वास घेतला. धूर. मुलाच्या कोपराशीच.

त्या रात्री नव्हे, पण त्या आठवड्यात मी पत्र लिहिलं. पत्ता पनवेलच्या त्यांच्या प्रार्थनाघराची देखरेख करणाऱ्या गृहस्थांनी मिळवून दिला. तुझं खरं होतं, ती धुराचीच नळी, असं लिहिलं. आणि खाली लिहिलं: मुलं थांबली असती. मी विचारलंच नव्हतं. तुला दोनदा खोटं सांगितलं. एवढं लिहायला मला पन्नासावर वर्षं लागली आणि तीन कागद फुकट गेले.

उत्तर आलं नाही. वर्ष गेलं. मग एका सकाळी त्याची मुलगी दारात उभी राहिली; पनवेलला वडिलांचं जुनं घर बघायला आली होती, मोडकं पण गोड मराठी बोलत होती. तिनं पिशवीतून कापडात गुंडाळलेलं नळकांडं काढून दिलं. "बाबांनी पाठवलं. ते आता लांबचा प्रवास करत नाहीत."

तोंडाचा बोळा नवा होता. काढला तर आत वंगण, ताजं, मऊ, एरंडेलाचा वास येणारं. बोळ्याला चिठ्ठी गुंडाळलेली. अक्षर पाचवीतलंच, गोल, सावकाश.

"मला त्याच संध्याकाळी कळलं होतं. बैलांवरून चिडवलं होतं तोच मुलगा तारे दिसल्यावर ओट्यावर येऊन सांगून गेला. बुधवारी विचारलं ते तू सांगशील म्हणून. पत्रात सांगितलंस, बरं केलंस. वंगण मी घोटलंय. आता पहिला उतार तुझा."

त्या गाडीच्या चाकांना बेअरिंगं आहेत, तिला असलं वंगण लागत नाही, हे मला कळतं. पुण्याच्या गृहस्थांनी सांगायची गरज नाही. मी चारही चाकांना बोटानं लावलं, हळूहळू, सगळीकडून. नळकांडं सुतळीनं जागेवर बांधलं. मग गाडी पडवीतून अंगणात ढकलली. तिनं आवाज केला नाही. मी मात्र पायरीवर बसून मोठ्यानं रडले, आणि त्या दिवशी सुना काही म्हणाल्या नाहीत.